महाडचा पहारा

रायगड किल्ला, त्याच्या पायथ्याशी विखुरलेल्या वाड्या, सावित्रीकाठची जुनी व्यापारी पेठ आणि अलीकडे बिरवाडीच्या अंगाला उभी राहिलेली औद्योगिक वसाहत, इतक्या भिन्न प्रकृतीच्या वस्त्या ज्या महाड तालुक्यात थोडक्या कोसांच्या अंतराने नांदतात, तेथे राखणदारीच्याही तितक्याच भिन्न तऱ्हा होऊन गेल्या असल्यास नवल नाही. तट, वतन, कुलूप, गुरखा आणि आता दुकानाच्या कोपऱ्यात छताजवळ बसविलेली मोशन सेन्सर नावाची पांढरी पेटी, अशी ही परंपरा आहे. तिचा मागोवा घेताना माझे एक मत दृढ होत गेले: पहारा फसतो तेव्हा दोष पहारेकऱ्याच्या डोळ्याचा क्वचितच असतो, बहुधा तो डोळा कोठे नेमावा हे ठरविणाऱ्याचा असतो.

किल्ल्यांच्या बंदोबस्तात शिवकालाने या गोष्टीचा जितका विचार केला तितका पुढे फारसा झाला नाही. सभासदाच्या बखरीत वर्णिल्याप्रमाणे गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा निरनिराळ्या जातींच्या कामगारांत वाटलेला असे; हेतू हा की एकाच्या मनात फितवा आला तरी गड एका हाताने शत्रूच्या स्वाधीन होऊ नये. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यास एकच दरवाजा असणे हा दोष मानून, गरज पाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या राखण्याची सूचना केली आहे. रायगडावर महादरवाजा आहे, चोरदिंडी आहे आणि पूर्वेच्या कड्याकडे तोंड करून वाघदरवाजाही आहे. 1689 साली मोगलांचा वेढा पडला असता राजाराम महाराज याच वाघदरवाजाने निसटले, असे परंपरा सांगते. आत शिरणाऱ्यास अडविताना आपल्याच माणसास बाहेर पडण्याची वाट ठेवणे, हा विचार ज्याने केला त्यास पहाऱ्याचे मर्म कळले होते असेच म्हणावे लागेल.

तरीही चूक झालीच, आणि ती एका गवळणीने दाखवून दिली. हिरकणीची कथा ऐतिहासिक कागदांत सापडत नाही, ती दंतकथाच; परंतु दंतकथा म्हणून ती फार शहाणी आहे. दूध विकावयास गडावर आलेल्या त्या बाईस संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याचे आढळले, घरी तान्हे मूल होते, आणि ती सरळ कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधविला, एवढीच ती कथा. आपण तीत मातेचे वात्सल्य पाहतो आणि ते योग्यच आहे. पण बुरूज बांधण्याचा हुकूम देणाऱ्याने त्यात आणखी काही पाहिले होते. दरवाजावरच्या चौकीदारांनी कर्तव्यात कसूर केली नव्हती, त्यांनी नेमून दिलेला दरवाजा चोख राखला होता. येथून कोणी जाऊ शकत नाही हे गृहीत मात्र खोटे निघाले होते. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे ज्या तानाजी मालुसऱ्यांचे गाव, त्यांनी फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाण्यावर शत्रूच्या नेमक्या अशाच गृहीताचा लाभ घेतला. एकाने स्वतःच्या गडावरील उणीव हेरून बुजविली, दुसऱ्याने शत्रूच्या गडावरील उणीव हेरून गड घेतला.

गडाखाली मात्र पहाऱ्याची कथा अशी उजळ नाही. गावाची राखण, चावडीवरची हजेरी, सरकारी वसुलाबरोबर जाणे, शिवेच्या तंट्यात खुणा दाखविणे, परका माणूस गावात आला तर त्याची वर्दी देणे, ही सर्व कामे महार वतनदारांकडे वंशपरंपरेने असत. देशावरच्या गावास वेस असे आणि म्हणून वेसकर असे. कोकणातील वाड्यांना बहुधा तटही नाही आणि वेसही नाही, परंतु राबता चुकत नसे. इंग्रजी अमलाने ही पद्धत मोडली नाही, उलट 1874च्या वतन कायद्याने ती दप्तरात पक्की केली. बदल्यात काय, तर थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य. आणि बोजा असा की हाक येईल तेव्हा, दिवस असो वा रात्र, वतनदार नसला तर त्याच्या घरच्या माणसाने हजर व्हावे. ज्याच्या जागेपणावर गाव निर्धास्त झोपे, त्याने राहावे मात्र गावकुसाबाहेर आणि गावच्या पाणवठ्यास शिवू नये.

ही विसंगती जगापुढे उघडी पडली ती महाडातच. 1923 साली रा. ब. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तदनुसार चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तथापि ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडास भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी घेतले. त्यानंतर अस्पृश्य मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई गावात उठली आणि परतणाऱ्या, जेवणावर बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. पहाऱ्याच्या इतिहासाचा अभ्यासक या आवईपाशी क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही, कारण नसलेल्या चोराची हाकाटी खऱ्या चोरीहून अधिक अनर्थ करते याचा इतका दारुण दाखला क्वचित मिळेल. पुढे तळे पंचगव्याच्या घागरींनी ‘शुद्ध’ करण्यात आले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत 1937चा मार्च उजाडला.

महाडच्या परिषदेस एक वर्ष होत असताना, मार्च 1928 मध्ये, बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक कौन्सिलात मांडले, या योगायोगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यांच्या दृष्टीने पाण्याचा हक्क आणि राखणदारीच्या जोखडातून सुटका ह्या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या. विधेयक त्या वेळी फळास आले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द होण्यास 1958चा कायदा यावा लागला.

तोवर पेठेत राखणदारीचे दुसरे युग सुरू झाले होते. आर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईस कुलुपांचा कारखाना काढला आणि मजबूत कुलूप व तिजोरी सावकारांच्या पेढीपर्यंत पोहोचली. शहराशहरांतून काठी आपटीत फिरणारा गुरखा आला, आणि पुढे कारखान्यांच्या फाटकांवर गणवेषातील रखवालदार. त्यांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी महाराष्ट्रात 1981 साली कायदाही झाला. हे सर्व थोडक्यात सांगून मी त्या पेटीकडे वळतो.

या पेटीस डोळा म्हणण्याचा प्रघात असला तरी ती प्रकाश पाहत नाही, उष्णता पाहते. विल्यम हर्शेल यांस 1800 साली सूर्यकिरणांच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे जे अदृश्य तेज आढळले, त्याच जातीचे तेज मनुष्याच्या देहातून अहोरात्र बाहेर पडत असते. पेटीच्या दर्शनी भागावर दुधी प्लॅस्टिकची बारीक रेघा असलेली जी चकती दिसते ती फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी योजलेल्या भिंगाची वंशज होय. ती समोरची खोली पंख्याच्या पात्यांप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांत विभागते. आत दोन संवेदक परस्परांविरुद्ध जोडलेले असतात. संबंध खोली तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य येते. परंतु उबदार देह एका पट्टीतून दुसरीत गेला की प्रथम एक आणि मग दुसरा चाळवतो, आणि सायरन वाजतो. यावरून बसविण्याचा पहिला नियम निघतो: चोर पेटीच्या रोखाने चालत येईल अशी नव्हे, तर तिच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा निवडावी. सात-साडेसात फुटांवर खोलीचा कोपरा ही जागा बहुधा ठीक पडते. काचेतून ही उष्णता पार होत नाही, म्हणून काचेच्या कपाटाआड पहारा चालत नाही. आणि उन्हाने तापणारी खिडकी, फ्रीजची मागची बाजू किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत समोर असेल तर मध्यरात्री उगाच हाकाटी होते.

कोकणात याखेरीज काही स्थानिक अडचणी आहेत. वैशाखात पत्र्याच्या गाळ्यात भिंतीच देहाइतक्या तापतात, मग माणूस आणि भिंत यांतील भेद पेटीस कळेनासा होऊन तिची नजर आखूड होते. पावसाळ्यात दिव्याच्या किड्यांमागे पाल येते आणि नेमकी भिंगावर बसते. वायरच्या भोकातून मुंग्या आत घर करतात. म्हणून जाणता कारागीर मागचे भोक सीलंटने बुजवितो, आतील लहान पट्टी सरकवून एका हालचालीऐवजी दोन वा तीन हालचालींनंतर वर्दी जाईल अशी योजना करतो, आणि संवेदनशीलता प्रमाणात ठेवतो. मात्र ती इतकी उतरवू नये की खरा चोरही पालीत जमा व्हावा. 2021च्या जुलैत महाडच्या पेठेत पुराचे पाणी कोठवर चढले हे ज्यांनी पाहिले आहे, ते पॅनेल आणि बॅटरी कमरेच्या उंचीवर ठेवू देणार नाहीत.

अशा पेटीस जात कळत नाही, हाडोळ्याची इनाम जमीन तिला नको आणि बलुतेही नको. ज्या राबणुकीसाठी माणसांच्या पिढ्या खर्ची पडल्या ती आता बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, याचे मला कौतुक वाटते. परंतु सायरन वाजल्यावर धावून जाणारा आजही माणूसच लागतो, आणि त्या रात्रपाळीच्या रखवालदाराची पगारपत्रके पाहिल्यास वतन गेले तरी जागेपण स्वस्तात घेण्याची आपली सवय गेलेली दिसत नाही.

ज्यांना ही पेटी बसवावयाची असेल त्यांस एवढेच सांगणे आहे की कारागीर जाण्यापूर्वी चालून पाहण्याची परीक्षा स्वतः घ्यावी. दुकान बंद करून, पंखे थांबवून, मागच्या दारापासून, माळ्याच्या शिडीपासून, कौले काढून उतरता येईल अशा प्रत्येक जागेपासून गल्ल्यापर्यंत चालावे, आणि पेटीवरील तांबडा दिवा कोणत्या पावलास लागला ते खडूने जमिनीवर लिहावे. जेथे तो लागला नाही तेथे दुसरी पेटी बसवावी. आणि हा उपचार दरवर्षी एकदा आगोटीच्या आधी व एकदा दिवाळीपूर्वी करावा.