पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचे कुळ

थंड समुद्राच्या तळाशी निजलेल्या जहाजापर्यंत माणसाला नेणाऱ्या पोशाखाचे मूळ शोधू जाता आपण पाण्यापाशी नव्हे, तर धुरापाशी येऊन ठेपतो. जहाजांच्या फटी बुजविण्याचा ज्याचा धंदा, त्या चार्ल्स डीन नामक इंग्रज कारागिराने १८२३ साली एका शिरस्त्राणाची सनद मिळविली, ती धुराने कोंदलेल्या इमारतींत शिरणाऱ्यांसाठी. बाहेरून भात्याने हवा भरावयाची, ती नळीवाटे आत यावयाची आणि आतल्या माणसाने निर्धास्त श्वास घ्यावयाचा, अशी ती योजना. त्या कामी तिचा फारसा उठाव झाला नाही. तेव्हा त्याने व त्याचा भाऊ जॉन याने तेच शिरस्त्राण, पंपाची जोड देऊन, समुद्रात उतरविले, आणि ते घडविण्याचे काम जर्मनीतून लंडनला आलेल्या ऑगस्टस सीबे याच्याकडे आले.

या शिरस्त्राणाची खरी परीक्षा पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेड येथे झाली. तेथे २९ ऑगस्ट १७८२ रोजी ‘रॉयल जॉर्ज’ ही शंभर तोफांची युद्धनौका, आठशेंहून अधिक जीव घेऊन, नांगरल्या जागीच बुडाली होती. १८३४ पासून डीन बंधू तिच्या तोफा वर काढू लागले. परंतु शिरस्त्राण पोशाखाला घट्ट जोडलेले नसल्यामुळे जादा हवा त्याच्या काठाखालून निसटे, आणि पाणबुड्या घसरून आडवा झाला की त्याच वाटेने पाणी तोंडाशी येई. सरकारने १८३९ मध्ये त्या अवशेषांच्या निर्मूलनार्थ कर्नल पास्ले यांस तैनात केले, आणि त्यांच्या पथकाच्या अनुभवातून सीबेचा बंद पोशाख पक्का झाला: शिरस्त्राण रबरी कापडाच्या पोशाखाला जखडलेले, वापरलेली हवा झडपेवाटे बाहेर, आणि आत लोकरीचे थरावर थर. आजचा कोरडा पोशाख याच वंशातला आहे, आणि पाणबुड्यांनी जोडीने उतरण्याची चालही याच पथकात आढळते.

या कुळकथेत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो समुद्रातील जीवांचा वाटा. १८३६ साली कोळ्यांची जाळी तळाशी कशाला तरी अडकू लागली, म्हणून डीन तेथे उतरले, आणि १५४५ साली बुडालेली ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका सापडली. पाण्यात उघडे पडलेले लाकूड टेरेडो पोखरतो. त्याला लोक किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला. डोक्याशी असलेल्या दोन इवल्या शिंपा कानशीप्रमाणे घासून तो लाकडात बोगदा करतो आणि मागे चुन्याचे अस्तर लावीत जातो. गाळात मात्र प्राणवायूच्या अभावी त्याचे काही चालत नाही. म्हणून ‘मेरी रोझ’ उजव्या कुशीवर कलली असता तिची वर राहिलेली डावी बाजू प्रवाहांनी आणि अशा जीवांनी नाहीशी केली, व गाळाने झाकलेली उजवी बाजू चारशे सदतीस वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, पाण्याबाहेर काढता आली.