परसातील कोंबडी आणि मुके जंतू

वऱ्हाडच्या संपत्तीची गोष्ट निघाली म्हणजे काळी जमीन, कापूस आणि बैलजोडी हीच नावे पुढे येतात. अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत खुराड्यातील चारदोन कोंबड्यांची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः अडीअडचणीस घरच्या स्त्रीच्या हाती जे चार पैसे असतात, ते पुष्कळदा या कोंबड्यांचेच होत.

राज्यकर्त्यांची दृष्टीही निराळी नव्हती. १८८९ साली पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, ती मुख्यतः गुरांच्या बुळकांडीसारख्या रोगांकरिता. तथापि या शास्त्रास पहिला मोठा धडा दिला तो कोंबडीनेच. जुने झालेले जंतू टोचलेल्या कोंबड्या मरत नाहीत, इतकेच नव्हे तर पुढे ताजे जंतू टोचले तरी तगतात, हे पाश्चरने १८८० साली जाहीर केले. गंमत अशी, की १८९६ साली मुंबईत उतरलेल्या प्लेगाचा जंतूही शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात कित्येक वर्षे कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूशेजारी, पाश्चरच्याच नावाच्या कुळात नांदत होता.

नावांनी असा घोटाळा पुष्कळ केला आहे. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझास मराठी मुलखात मानमोडी म्हणत. कोंबड्यांच्या राणीखेत रोगासही मानमोडीच म्हणतात. दोन्ही विषाणूंचे रोग खरे, परंतु एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

खरा पेच याहून सूक्ष्म आहे. ज्या रोगाने खुराडे एका रात्रीत ओस पडते त्याची धास्ती सर्वांस वाटते; पण पिल्लांची पांढरी हगवण किंवा कोंबड्यांचा विषमज्वर यांचे जंतू माणसास क्वचितच बाधतात. उलट साल्मोनेला कुळातील दुसरे कित्येक जंतू धष्टपुष्ट कोंबडीच्या आतड्यांत मुकाट्याने राहतात. कोंबडी दाणे टिपते, अंडी घालते, अंगणभर हिंडते. आणि रांगते मूल जुलाब व तापाने अंथरुणास खिळते. दोष मात्र उन्हाला किंवा आंब्याला दिला जातो! कॅम्पिलोबॅक्टर नामक जंतूची गोष्ट अशीच. त्याचे माणसातील प्रस्थ इंग्लंडातील स्किरो याने १९७७ साली दाखवून देईपर्यंत डॉक्टरमंडळींचेही तिकडे फारसे लक्ष नव्हते.

इंग्लंडात १९८८ च्या डिसेंबरात अंड्यांतील साल्मोनेलावरून एवढे काहूर माजले की एका मंत्रीणबाईंस राजीनामा द्यावा लागला. काही शास्त्रज्ञांचे मत तर असे, की कोंबड्यांचे जुने रोग कळपांतून हुसकावल्यामुळेच या मुक्या भाडेकऱ्यास जागा मोकळी झाली. मत वादग्रस्त असले तरी विचार करावयास लावणारे आहे.

अकोल्यास १९६९ साली कृषि विद्यापीठ स्थापन झाले. तेथील पशुवैद्यकाचे उच्च शिक्षण आता नागपूरच्या, २००० साली निघालेल्या, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. औषधांचा प्रश्न याच काळात बिकट झाला. माणसावरील शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घालीत. केंद्र सरकारने २०१९ साली त्यास बंदी केली. परसातील कोंबडीस अर्थात ते खाद्य क्वचितच मिळाले असेल. तिचे अंडे मात्र वैशाखात फडताळावर पडून असते. आणि वऱ्हाडी उन्हाळ्यात तापलेल्या घराची ऊब साल्मोनेलास चांगलीच मानवते.