विषाणू एकच, मग आजार काहींनाच जीवघेणा का ठरतो?

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातील या आजाराचा तो पहिला बळी ठरला आणि काही दिवसांतच शहरातील तपासणी केंद्रांबाहेर तोंडाला रुमाल आणि मास्क बांधलेल्या नागरिकांच्या रांगा लागल्या. त्या साथीत बाधा झालेले बहुसंख्य लोक ताप-खोकल्यावर निभावले; मोजक्या रुग्णांना मात्र कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. विषाणू तोच आणि शहरही तेच असताना हा फरक कशामुळे पडतो? 'ज्याची प्रतिकारशक्ती कमी, तो दगावतो' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर आहे. मात्र, ते अर्धेच खरे आहे. आपली प्रकृती ठणठणीत आहे, तेव्हा आपल्याला काही होणार नाही, या समजुतीने दुखणे अंगावर काढणाऱ्यांसाठी उरलेले अर्धे उत्तर समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

दोन टप्प्यांची लढाई

विषाणू शरीरातील पेशीत शिरला की ती पेशी 'इंटरफेरॉन' नावाची प्रथिने बाहेर सोडते. शेजारच्या पेशींसाठी तो धोक्याचा इशारा असतो. तो मिळताच त्या पेशी विषाणूची वाढ रोखण्याच्या तयारीला लागतात. हा पहिला टप्पा काही तासांत सुरू होतो. त्या विषाणूला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी तयार होण्यास मात्र साधारण आठवडा लागतो. हा दुसरा टप्पा होय.

पहिला टप्पा दुबळा पडला किंवा उशिरा सुरू झाला, तर तेवढ्या अवधीत विषाणूची संख्या बेसुमार वाढते. त्यानंतर जागी झालेली प्रतिकारयंत्रणा इतक्या जोराने प्रतिहल्ला करते की, त्यात शरीराच्याच ऊती, विशेषतः फुफ्फुसे, होरपळतात. गंभीर आजाराचे मूळ त्यामुळे केवळ प्रतिकारशक्तीच्या कमतरतेत नसते. ती वेळ चुकल्यानेही आजार बळावतो आणि प्रमाण सुटल्यानेही.

वयाचे गणित

तान्ह्या मुलांची प्रतिकारयंत्रणा अननुभवी असते, तर उतारवयात ती मंदावलेली असते. साहजिकच बहुतेक विषाणूजन्य आजार या दोन टोकांना अधिक त्रासदायक ठरतात. २०२० मध्ये पसरलेल्या कोविडच्या साथीत तर वाढते वय हाच सर्वांत मोठा धोका ठरला.

या नियमाला अपवादही आहेत. कांजिण्या किंवा 'ए' प्रकारची कावीळ लहान मुलांना बहुधा सौम्य होते. तोच आजार प्रौढपणी झाल्यास अधिक त्रास देतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने तर सारेच आडाखे चुकवले. जूनमध्ये मुंबईत दिसलेली ही साथ पावसाळा सरताना उग्र रूपात परतली. तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानात तिने घेतलेल्या बळींचा अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात जातो. त्यात ऐन उमेदीतील, २० ते ४० या वयोगटातील स्त्री-पुरुषांचे प्रमाण मोठे होते.

गरोदरपणातील धोका

गर्भ वाढू लागला की फुफ्फुसांना पसरण्यास जागा कमी पडते, हृदयावरील भार वाढतो आणि प्रतिकारयंत्रणेचा समतोलही बदलतो. त्यामुळे एरवी निरोगी असलेल्या गरोदर स्त्रियाही फ्लूमध्ये गंभीर आजारी पडू शकतात. २००९ च्या साथीत हे जगभर दिसून आले.

याहून भयावह उदाहरण 'ई' प्रकारच्या काविळीचे आहे. दूषित पाण्यातून पसरणारा हा आजार बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो. मात्र, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो झाल्यास २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ती साथ याच विषाणूची होती, हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले.

जुने आजार आणि औषधे

मधुमेहात रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली, तर पांढऱ्या पेशींची कार्यक्षमता घटते. दमा आणि फुफ्फुसांच्या जुन्या विकारांत श्वसनमार्ग आधीच सुजलेला असतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांकडे तापाचा अतिरिक्त ताण पेलण्याइतकी राखीव शक्ती नसते. स्थूलपणात श्वसनावर भार पडतो, शिवाय शरीरात मंद दाह कायम असतो. अवयव प्रत्यारोपण झालेले, कर्करोगावर केमोथेरपी घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि उपचार न घेतलेले एचआयव्हीबाधित रुग्ण यांच्यात विषाणूशी लढणारी यंत्रणाच क्षीण झालेली असते.

पूर्वीचा संसर्ग : कधी ढाल, कधी घात

एकदा आजार होऊन गेला की पुन्हा भीती नाही, हा समज गोवराबाबत योग्य आहे. डेंग्यूबाबत तो घातक ठरू शकतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट, त्यांच्या आधाराने विषाणूचा पेशींमधील प्रवेश सुकर होतो. म्हणूनच डेंग्यूची दुसरी लागण पहिलीपेक्षा अधिक गंभीर होण्याची शक्यता असते.

२००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये याच्या उलट घडले. साठीपुढील अनेकांच्या रक्तात पूर्वीच्या मिळत्याजुळत्या विषाणूंमुळे तयार झालेली प्रतिपिंडे होती. त्यामुळे वृद्धांमध्ये लागण तुलनेने कमी झाली. ज्या वृद्धांना लागण झाली, त्यांच्यात मात्र आजार गंभीर होण्याचा धोका होताच.

रक्तातील छुपे कारण

कोणताही जुना आजार नसलेली व्यक्ती अचानक अत्यवस्थ का होते, या प्रश्नाचे एक उत्तर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनातून मिळाले. कोविडच्या ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांपैकी ९५ पुरुष होते. आगीची वर्दी देणारी घंटाच आधीपासून बंद असावी, तसा हा प्रकार होता.

त्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या शास्त्रज्ञांनी तिसऱ्या गुणसूत्रावरील एका भागाचा संबंध गंभीर कोविडशी असल्याचे दाखवले. हा भाग निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला आहे. दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत तो असतो, तर युरोपात साधारण १६ टक्के लोकांत. अर्थात, तो असणाऱ्या बहुसंख्य लोकांना गंभीर आजार होत नाही. जनुके धोका वाढवतात. निकाल ठरवत नाहीत.

कुपोषण आणि दाटीवाटी

काही धोके शरीराबाहेर, राहणीमानात दडलेले असतात. आहारात 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव असलेल्या मुलांना गोवर झाल्यास न्यूमोनिया होण्याचा, दृष्टी जाण्याचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. म्हणूनच गोवराच्या प्रत्येक बालरुग्णाला या जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराची साथ पसरली. तेव्हा चुकलेले लसीकरण, कुपोषण आणि दाटीवाटी हे तिन्ही घटक एकत्र आल्याचे दिसले.

काय करता येईल?

वय आणि जनुके बदलता येत नाहीत. इतर बरेच काही आपल्या हाती आहे. मुलांचे लसीकरण वेळेवर पूर्ण करावे. ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया, मधुमेही, दमेकरी आणि हृदयरुग्णांनी फ्लूच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साखर आणि रक्तदाब साथ येण्याआधीच आटोक्यात ठेवावेत. काविळीची साथ असताना गरोदर स्त्रियांना उकळलेलेच पाणी द्यावे.

फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. त्यामुळे जोखमीच्या गटातील व्यक्तींनी ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही कोणासाठीही धोक्याची लक्षणे आहेत. डेंग्यूत तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वाधिक नाजूक असतात. त्या काळात पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा रक्तस्राव होऊ लागल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नये.

घरातील चौघांपैकी तिघे दोन दिवसांत बरे झाले, म्हणून चौथाही आपोआप बरा होईलच, असे गृहीत धरता येत नाही. विषाणू एकच असला, तरी तो ज्या शरीरात शिरतो, त्या प्रत्येक शरीराचा इतिहास वेगळा असतो.