पोपट (पाळीव) : हाताळणी व धरणे

पाळीव पोपटाने हातावर यावे, अंगाला हात लावू द्यावा आणि नखे कापताना, औषध पाजताना किंवा पशुवैद्य तपासत असताना थोडा वेळ धरून ठेवलेले सोसावे, यासाठी त्याला टप्प्याटप्प्याने लावलेली सवय. हा विषय बहुधा ‘पोपट कसा पकडावा’ एवढ्यावरच संपवला जातो. प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी, की धरून घेणे हे पोपटाने बोलणे शिकावे तसेच शिकायचे काम आहे, आणि बळाने पकडायची वेळ येते ती हे शिक्षण राहून गेल्यामुळे.

ही नोंद कोणत्या पोपटाला लागू आहे, हे आधी सांगणे भाग आहे. युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) काय किंवा मराठवाड्यातले दुसरे कुठलेही गाव काय, पोपट म्हटले की ज्वारी-सूर्यफुलावर थव्याने उतरणारा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याला काळा-गुलाबी पट्टा असलेला राघू डोळ्यांपुढे येतो. तो आणि त्याच्या कुळातले सगळे भारतीय पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. ढोलीतून पडलेले पिल्लू सापडले म्हणून ते पाळण्याची मुभा मिळत नाही. कायद्याने पाळता येतात ते परदेशी पोपट : बजरीगर (बाजारात यालाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात), कॉकॅटिल, खरा लव्हबर्ड, कोन्युर, आफ्रिकी राखाडी पोपट. राखाडी पोपट २०१७पासून वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि अशा परिशिष्टांतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी २०२४च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केली आहे.

बळाने धरणे धोक्याचे का, याचे उत्तर पक्ष्याच्या शरीररचनेत आहे. पक्ष्याला माणसासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हा अंगातले वायुकोश भात्यासारखे भरतात आणि रिते होतात, म्हणून छाती मुठीत आवळली तर नाकपुड्या मोकळ्या असूनही पक्षी गुदमरतो. शिवाय त्याचे शरीर मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. घामाच्या ग्रंथी नाहीत. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून, आणि नेमकी तीच वाट धरणारा हात बंद करतो. अॅमेझॉन पोपटांवरचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की हातांनी धरून ठेवल्यावर थोड्या वेळातच शरीराचे तापमान आणि श्वसनाचा वेग दोन्ही वाढतात. बजरीगराचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे चुकीला जागा फारच थोडी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा बीडसारख्या जिल्ह्यात दुपारी पक्षी धरणे टाळावेच. हे काम सकाळच्या गारव्यात उरकावे. हातात दगावलेल्या पक्ष्याबद्दल ‘घाबरून मेला’ असे म्हटले जाते. भीतीचा वाटा असतोच, पण छातीवरच्या दाबाचा आणि उष्णतेचा वाटा त्या शब्दांत झाकला जातो.

दुसरा पुरावा शिकण्याच्या रीतीचा. ज्या वागणुकीनंतर हवेसे काही मिळते ती वागणूक वाढते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवले. त्यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलँड यांनी ते १९४०च्या दशकात प्राणी शिकवण्याच्या व्यवसायात उतरवले. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मात्र पोपटवाल्या ज्योतिषाचा राघू हेच करत आला आहे : पिंजऱ्याचे दार उघडले की बाहेर यायचे, पाकिटांच्या ओळीतून एक चोचीने ओढायचे, दाणा घ्यायचा, पुन्हा आत जायचे. यावर आक्षेप रास्त आहे, की त्या पोपटाचे पंख बहुधा कातरलेले असतात, तो बंदिवान असतो आणि त्याला असे ठेवणे बेकायदा आहे. म्हणून तो आदर्श ठरत नाही. पोपटाला न पकडता, एका दाण्यावर कामांची मालिका पक्की बसवता येते, इतकेच त्यावरून सिद्ध होते, आणि येथे तेवढे पुरेसे आहे. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांचा अॅलेक्स हा राखाडी पोपट (मृत्यू २००७) त्यापुढची गोष्ट दाखवतो : तो नको असलेल्या वस्तूला आणि कामाला ‘नो’ म्हणत असे. बाकीचे पोपट हाच नकार अंगाने देतात. पिसे अंगाशी चापून बसतात, डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होतात, मान मागे जाते. हा नकार डावलला की पुढची पायरी चावण्याची असते.

प्रत्यक्ष क्रम असा. आधी आवडीचा खाऊ ठरवावा : सूर्यफुलाची बी, पेरूची फोड, हिरवी मिरचीसुद्धा (तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही). मग काडीच्या टोकाला चोच लावणे, हातावर चढणे, पाठीवर क्षणभर हात ठेवू देणे. टॉवेलची ओळख स्वतंत्रपणे करून द्यावी. तो आधी लांब अंथरलेला असावा, मग त्यावर खाऊ, मग त्याची कड पाठीवर, शेवटी पूर्ण वेढा. प्रत्येक वेळी पक्षी मागे सरला तर टॉवेलही मागे. धरताना अंगठा आणि एक बोट जबड्याच्या दोन बाजूंना असावे, बाकी हात पाठीवरून, आणि छातीवर दाब अजिबात नको. चामडी हातमोजे वापरू नयेत : किती जोर लागतो आहे ते बोटांना कळत नाही. सुईविना पिचकारीतून फळाचा रस पिण्याची सवय आधीच लावली, तर औषधासाठी धरावेच लागत नाही.

‘आजारी पक्षी आठवडाभर थांबत नाही’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. तो मान्यच आहे. रक्त वाहत असेल तर खोलीतला उजेड कमी करून, टॉवेलने, चटकन धरावे. पण त्यातून निघते ते एवढेच, की सवय पक्षी धडधाकट असतानाच लावायला हवी. खेड्यातल्या दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचे. मराठवाड्यात पशुवैद्यकीय महाविद्यालये परभणीला आणि उदगीरला. तिथवरचा प्रवास पेटीत शांत बसण्याची सवय नसलेल्या पक्ष्याला आजाराइतकाच जड जातो. ‘धाक हवाच’ हे म्हणणे मात्र टिकत नाही. धाकाने पोपट हात टाळायला शिकतो, आणि मग प्रत्येक वेळी त्याला पाठलाग करूनच धरावे लागते. हाताने भरवून वाढवलेल्या पिल्लांना शिकवावे लागत नाही, असेही म्हणतात; त्यांना माणसाची भीती नसते हे खरे, पण टॉवेल आणि वेढा त्यांनाही नवाच असतो.

पंख कातरणे : हाताळणीच्या शिक्षणाला त्याची गरज नाही.

जखमी रानपोपटाच्या बाबतीत वरचे सर्व उलटे होते. त्याला परत सोडायचे असते, म्हणून माणसाची सवय लागणे हीच त्याची हानी. त्याला टॉवेल टाकून एकदाच धरावे, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे, पाणी-दाणा कोंबू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगावचे सर्पराज्ञी केंद्र अशा वन्यजीवांवर उपचार करते.