इंग्रजी शिकणाराची वही : एक उपेक्षित इतिहाससाधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, कैफियती, बखरी, शकावल्या आणि खासगी पत्रव्यवहार हीं आपणांपुढें उभीं राहतात. त्यांचा शोध, संग्रह व प्रकाशन यांकरितां महाराष्ट्रांत जें कार्य झालें तें थोडेंथोडकें नव्हे. परंतु ज्या घरांतून मोडी दप्तरें मिळतात त्याच घरांतून आणखी एका जातीचा कागद निघण्याचा संभव असतो, आणि संग्राहक तो पाहतांच बहुधा बाजूस टाकतो. तो कागद म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची वही. प्रथम शब्द व त्यांचे अर्थ, नंतर व्याकरण चालविलेलीं वाक्यें, पुढें भाषांतर, आणि अखेरीस एखाद्या सर्वसामान्य विषयावरील निबंध, असें तिचें स्वरूप. अशा वहीस राजकीय मोल नाहीं हें खरें. तथापि आपलें आजचें मराठी व्याकरण, आपलीं विरामचिन्हें आणि आपला निबंध हीं तिन्ही इंग्रजीच्या या अभ्यासांतून आकारास आलीं. सबब या वह्या जपणें हें संशोधकाचें काम आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम व्याकरण घेऊं. लिंडले मरे हा जन्मानें अमेरिकेंतला. उत्तरायुष्य त्यानें इंग्लंडांत यॉर्क शहरानजीक काढलें. त्याचें इंग्रजी व्याकरण १७९५ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यास जोडून अभ्यासाच्या वाक्यांचें पुस्तक १७९७ सालीं निघालें. वर्ण, शब्द, वाक्य व छंद असे चार विभाग करावयाचे, नियम पाठ करवावयाचे, शब्दाशब्दाचें व्याकरण चालवावयाचें, आणि मुद्दाम अशुद्ध लिहिलेलीं वाक्यें विद्यार्थ्याकडून शुद्ध करवून घ्यावयाचीं, असा त्याचा क्रम होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केलें तें याच मरेच्या धर्तीवर. म्हणजे इंग्रजीचा एक विद्यार्थी आपल्या अभ्यासाच्या पुस्तकाकडे पाहून स्वभाषेचे नियम बांधूं लागला.

या गोष्टीचा पुरावा आजच्या शालेय व्याकरणांतहि टिकून आहे. यास्कानें पदांचे चार वर्ग केले : नाम, आख्यात, उपसर्ग व निपात. मराठी मुलगा मात्र आठ शब्दजाति शिकतो : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी. मरेच्या पुस्तकांत नऊ जाति आहेत. त्यांतील नववी म्हणजे इंग्रजी नामापूर्वीं येणारें ‘आर्टिकल’. मराठींत तें नाहीं म्हणून तें गळलें, व बाकीच्या आठ राहिल्या. इंग्रजींत जो शब्द नामाच्या पूर्वीं येतो, म्हणून ज्यास ‘प्रिपोझिशन’ म्हणतात, तो मराठींत नामाच्या मागून येतो. तेव्हां त्याच्या नांवाचें शब्दशः भाषांतर करणें शक्यच नव्हतें. ‘शब्दयोगी’ हें नांव जागा न सांगतां योग सांगतें. आर्टिकल गाळणें व प्रिपोझिशनास नवें नांव देणें, या दोन लहान फेरफारांवरून मराठी व्याकरणकार केवळ नक्कल करीत नव्हते, दोन भाषा शेजारीं ठेवून तोलीत होते, हें स्पष्ट होतें. आणि असें तोलणें हेंच भाषांतराच्या वहींतील नित्याचें काम होय.

शब्दसंग्रहाची कथा याहून निराळी नाहीं. मोल्स्वर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं सुमारें चाळीस हजार शब्दांचा निघाला, व १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ती संख्या सुमारें साठ हजारांवर गेली. परंतु हा कोश मराठी शिकणाऱ्या इंग्रजाच्या सोयीचा. मराठी विद्यार्थ्यास उलट दिशेचा कोश हवा होता; तो मेजर थॉमस कँडी याच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशानें मिळाला. बेळगांवीं जन्मलेले बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं मोल्स्वर्थच्या कोशाचा संक्षेप केला, तोहि शाळेंतील गरज ओळखूनच. विद्यार्थ्यानें वहींत उतरलेला अर्थ कोशांतला कीं मास्तरानें तोंडीं सांगितलेला, हें ताडून पाहिल्यास त्या त्या गांवच्या बोलींतील शब्द हातीं लागण्याचा संभव आहे. छापील कोशांत प्रमाण भाषा सांपडते. वहींत कधीं कधीं घरची भाषा सांपडेल.

आतां विरामचिन्हांचा विचार करूं. आपल्या जुन्या लेखनांत वाक्य संपल्याची खूण म्हणजे दंड. मोडींत तर शब्दहि सुटे लिहिण्याची चाल नव्हती. वरची रेघ आधीं आंखावयाची व तिजखालीं अक्षरें ओढीत जावयाचें. कँडीनें १८५० सालीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ प्रसिद्ध केली, आणि स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह यांचा मराठी शाळांतून रीतसर प्रवेश झाला. हस्तलिखितें पारखणारास ही गोष्ट विशेष उपयोगाची आहे. बखरीच्या एखाद्या प्रतींत हीं चिन्हें त्याच शाईनें व त्याच हातानें घातलेलीं आढळल्यास ती प्रत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची, निदान नव्या शाळेंत हात बसलेल्या लेखकाची, असें धरून चालण्यास हरकत नाहीं. चिन्हें निराळ्या शाईचीं असल्यास तीं मागाहून वाचणारानें अथवा छापण्याकरितां तयार करणारानें घातलीं असावींत. हा कस एकटा पुरेसा नव्हे. कागद, वळण व भाषा यांच्या जोडीनें तो लावावा.

वाक्यरचनेसंबंधीं तर आपल्याच भागांतील उदाहरण आहे. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडनजीक टेंभू येथें १८५६ सालीं जन्मले. त्यांनीं शेक्सपिअरच्या हॅम्लेटचें ‘विकारविलसित’ हें भाषांतर १८८३ सालीं केलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्यांनीं १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचें पृथक्करण’ हें पुस्तक लिहिलें, त्याकडे लक्ष कमी जातें. इंग्रजी शाळेंत वाक्याचे तुकडे पाडून उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, मुख्य वाक्य कोणतें व गौण कोणतें हें शोधण्याचा जो परिपाठ होता, तो या पुस्तकानें मराठी वाक्यास लावला. ज्यांनीं पुढें मोठमोठ्या रूढींचें पृथक्करण केलें त्यांनीं वाक्याचेंहि केलें, यांत विसंगति कांहीं नाहीं.

या अभ्यासाचा परिणाम मराठी वाक्यावर झाल्यावांचून राहिला नाहीं. ‘जो मनुष्य काल आला तो गेला’ ही आपली सहज रचना. ‘तो मनुष्य, जो काल आला होता, गेला’ ही भाषांतराच्या वहींतली. ‘रामानें रावणास मारिलें’ याजागीं ‘रामाकडून रावण मारला गेला’ असें जें लिहिलें जाऊं लागलें त्यास आपले व्याकरणकार ‘नवीन कर्मणि’ म्हणतात, व तें इंग्रजी वळणाचें आहे असें नमूद करतात. उलट, ‘तो म्हणाला कीं मी येतों’ येथें मराठी मनुष्य बोलणाराचे शब्द जसेच्या तसे ठेवतो; इंग्रजींत पुरुष व काळ दोन्ही बदलावे लागतात. म्हणून याच जागीं मराठी विद्यार्थी हमखास चुकतो. अशा चुका मास्तराच्या दृष्टीनें दोष. भाषेच्या इतिहासकाराच्या दृष्टीनें तो पुरावा होय. इंग्रजी वाक्यांतील चूक म्हणजे त्या मुलाच्या मनांतील मराठी वाक्याचा ठसा.

या वळणानें मराठी बिघडली असा आक्षेप जुनाच आहे, व तो निराधार नाहीं. कँडीच्या देखरेखीखालीं निघालेल्या क्रमिक पुस्तकांच्या भाषेवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं टीका केली. पण त्याच विष्णुशास्त्र्यांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ काढून सात वर्षांत तिचे ८४ अंक प्रसिद्ध केले, व त्यांच्या निबंधामागें जॉन्सन, अ‍ॅडिसन व मेकॉले यांचा कसून केलेला अभ्यास होता. वडील कृष्णशास्त्री यांनीं आरंभिलेलें जॉन्सनच्या ‘रासेलस’चें भाषांतर त्यांनींच पुरें केलें. इंग्रजी निबंध लिहिण्याचा सराव ज्यानें पुरा पचविला त्याचें मराठी अधिक ठसठशीत झालें; ज्यानें अर्धवट सोडला त्याचें भाषांतरी राहिलें, असाच याचा निष्कर्ष निघतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनींहि १८९४ सालीं ‘भाषांतर’ नांवाचें मासिक चालविलें. परकी ग्रंथ मराठींत आणणें हें स्वभाषेच्या अभिमानाशीं विरुद्ध आहे असें त्यांस वाटलें नाहीं.

निबंधाचा सराव केवळ परीक्षेपुरता राहिला नाहीं, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढलें, त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. तें वर्तमानपत्र म्हणजे एक प्रकारें छापलेली भाषांतराची वहीच होती. त्यानंतर नऊ वर्षांनीं, १८४१ सालीं, दादोबांचे धाकटे बंधु भास्कर पांडुरंग यांनीं ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रांत ‘एक हिंदु’ या सहीनें पत्रें लिहून कंपनी सरकारच्या राज्यकारभारावर व देशाच्या लुटीवर इंग्रजींतच कोरडे ओढले. राज्यकर्त्यांच्या व्याकरणांत एकहि चूक न करतां राज्यकर्त्यांवर आरोप ठेवावयाचा, ही विद्या शाळेच्या निबंधांतून आली. शिकविणारांस ती अभिप्रेत होती असें म्हणवत नाहीं.

ही सर्व उदाहरणें मुंबई-पुण्याचीं म्हणून तेवढ्यावर थांबणें योग्य नव्हे. कुपवाड हें गांव सांगली व मिरज या पटवर्धनी संस्थानांच्या राजधान्यांनजीक वसलेलें. हीं संस्थानें १९४८ सालीं विलीन झालीं, १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें, आणि १९९८ सालीं कुपवाड हें सांगली व मिरज यांसह एका महानगरपालिकेंत आलें. संस्थानी काळीं या टापूंतील खेड्यांच्या मुलास इंग्रजी शिकावयाचें तर सांगली किंवा मिरज हींच जवळचीं ठिकाणें. पुढें १९१९ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें या दोन शहरांच्या मध्यें, कुपवाडपासून जवळच, विलिंग्डन कॉलेज स्थापिलें. या कॉलेजाचे प्राचार्य राहिलेले गोविंद चिमणाजी भाटे यांनीं अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास १९३९ सालीं इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केला. कन्नड कवि विनायक कृष्ण गोकाक यांनींहि येथें इंग्रजी शिकविलें. सांगलीनजीकच्या हरिपुरास जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल यांनीं ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ हें नाटक १८९० सालीं रचलें. एवढ्या लहान टापूंत इंग्रजीच्या अभ्यासाचा असा दाट इतिहास आहे.

याच टापूंत आपल्या कामाचा आदर्शहि आहे. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृताचे शिक्षक. शाळेचें काम संभाळून त्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें वाचलीं, निवडलीं, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें प्रसिद्ध केलीं. इतरांस जे रद्दी कागद वाटत होते त्यांत त्यांनीं उत्तर पेशवाईचा इतिहास पाहिला. मोडी पत्रांस अशी दृष्टि लाभली. शाळेंतील इंग्रजी वह्यांस ती लाभणें अद्याप बाकी आहे.

यांत विलंब करण्यास सवड नाहीं, व त्याचें कारण कागदांतच आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या वा तागाच्या लगद्याचा. कसर व वाळवी यांपासून जपला तर तो शतकेंच्या शतकें राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरणींतला लांकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यांत आम्लाचा अंश असल्यामुळें तो पिंवळा पडतो, ठिसूळ होतो व घडीवर तुटतो. सवाई माधवरावांच्या वेळचें पत्र अद्याप उलगडतां येतें. त्यानंतर शंभर वर्षांनीं लिहिलेल्या वहीचें पान मात्र हातांत चुरतें. आणि आतां अभ्यास पडद्यावर होऊं लागल्यामुळें आजच्या विद्यार्थ्याचें खोडलेलें वाक्य तर मागें राहतच नाहीं.

संग्राहकांस विनंति अशी कीं, दप्तर पाहतांना अशी वही आढळल्यास ती वेगळी काढून ठेवावी. वेष्टन व पहिलें पान फाडूं नये. शाळा, इयत्ता व तारीख बहुधा तेथेंच असते. पाठ कोणत्या पुस्तकांतले आहेत हें ओळखावें. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेसारख्या प्रचारांतील पुस्तकाशीं ताडून पाहिल्यास काळाचा अंदाज बांधतां येईल. मराठी अर्थ मोडींत आहेत कीं बाळबोधींत, याची नोंद करावी. मास्तराची दुरुस्ती निराळ्या शाईची असते, ती मूळ वाक्यासह उतरून घ्यावी, आणि नक्कल करतांना विद्यार्थ्याची चूक कदापि सुधारूं नये. आम्लरहित कागदाच्या वेष्टनांत वही आडवी ठेवावी व तिच्या पानांचीं छायाचित्रें लौकर काढावीं. दहा-वीस घरांतून अशा वह्या जमल्या तरी दक्षिण महाराष्ट्रांतील गद्याच्या घडणीवर छापील पुस्तकांत न मिळणारा प्रकाश पडेल.