भरकटलेल्या सुईचा मागोवा

शिरूरजवळ घोडनदीच्या पात्रात जुन्या स्पीकरमधले चुंबक वाळूतून फिरवले, की त्याला काळ्या बारीक कणांची मिशी फुटते. हे कण मॅग्नेटाइटचे. डोंगरांतला आणि शेतांखालचा काळा पाषाण झिजून ते पाण्याबरोबर वाहत आलेले असतात. आपल्या मागोव्याची सुरुवात या पाषाणापासूनच करायला हवी, कारण या भागातली चुंबकीय क्षेत्राची पहिली नोंद माणसाने केलेली नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा बाहेर पडला तेव्हा त्याचे तापमान हजार अंशांच्या वर होते. तो निवत निवत ५८० अंशांच्या खाली आला, तसे त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या क्षणीचे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्वतःत गोठवून घेतले. टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मधून वाहणाऱ्या कुकडीने ज्या खडकात रांजणखळगे कोरले, तो याच थरांपैकी. हे लिखाण वाचता यायला मात्र १९५०चे दशक उजाडावे लागले. तोवर माणसाच्या हाती होती ती एक सुई, आणि या सुईचा इतिहास म्हणजे तिला भरकटवणाऱ्या गोष्टींचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सुई चुंबकाकडे सरकते याची दखल आहे. तिचे कारण तिथे अदृष्टावर सोपवले आहे. पुढे ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथाने कांतलोहाचे, म्हणजे चुंबकी लोहाचे, भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमक असे पाच प्रकार सांगितले, पण हा विचार औषधाच्या अंगाने झाला, दिशेच्या नव्हे. दिशेची सुई चीनमध्ये घडली. तिथे शेन क्वो या विद्वानाने १०८८च्या सुमारास लिहून ठेवले, की सुई नेमकी दक्षिणेकडे राहत नाही, किंचित पूर्वेकडे कलते. १२६९मध्ये पीटर पेरेग्रिनस या फ्रेंच माणसाने चुंबकाच्या दोन ध्रुवांचे व्यवस्थित वर्णन केले. हा प्रवास आपण भरभर ओलांडू, कारण पुढचा मुक्काम आपल्या किनाऱ्यावर आहे आणि मराठी वाचकाला तो क्वचितच सांगितला जातो.

१५३८मध्ये दों जुआंव द काश्त्रु हा पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून गोव्याला निघाला. सुईचे विचलन, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून तिचे हटणे, जागोजागी मोजण्याचा त्याने ध्यास घेतला होता. वाटेत एकदा मोजमापे जुळेनात, तेव्हा त्याने आजूबाजूला पाहिले आणि जवळच्या लोखंडी तोफेवर ठपका ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस वसईच्या परिसरात सुई पुन्हा चळली. या वेळी जवळ तोफ नव्हती. खालचा खडकच सुईला ओढत असावा, असा तर्क त्याने केला. दख्खनचा काळा पाषाण सुई फिरवू शकतो, हे कोणीतरी कागदावर आणल्याची ही फार जुनी घटना आहे. काश्त्रु पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि १५४८मध्ये गोव्यातच वारला. इतिहासाने त्याच्या लढाया लक्षात ठेवल्या, सुई मात्र तो विसरला.

१६००मध्ये विल्यम गिल्बर्टने पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक असल्याचे मांडले आणि सुईचे उत्तरेकडचे प्रेम आकाशातून उतरून जमिनीत आले. त्यानंतरची दोन शतके नकाशे आखण्यात गेली. खरे वळण आले ते १८२०च्या वसंतात, कोपनहेगनमध्ये. हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने तारेतून विद्युतधारा सोडली आणि शेजारची सुई हलली. पुन्हा एकदा सुई भरकटली होती. पण या वेळी ना तोफ होती ना खडक, होती फक्त एक बारीक तार, जिला एरवी चुंबक ओढत नाही. त्याहून विचित्र म्हणजे सुई तारेकडे ओढली जात नव्हती की तिच्यापासून दूर ढकलली जात नव्हती. ती तारेला आडवी वळत होती. न्यूटनच्या काळापासून बल म्हणजे दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेतले ओढणे किंवा ढकलणे, अशी सवय जडलेल्या विद्वानांना हे पचायला जड गेले. अँपिअरने काही महिन्यांतच दोन तारांमधल्या बलाचे गणित मांडले. मायकेल फॅरेडेने १८२१मध्ये धारा वाहणारी तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली. रेल्वे इंजिनातली, गिरणीतली आणि विहिरीवरची प्रत्येक मोटार या तारेची वंशज आहे. तारेभोवतीच्या रिकाम्या जागेत काहीतरी पसरलेले असते, हा विचार फॅरेडेनेच रुजवला. कागदावर लोहकीस टाकून टिचकी मारली की उमटणाऱ्या रेषा त्याने नुसत्या सोयीच्या मानल्या नाहीत, त्या खऱ्या मानल्या. १८४५च्या सुमारास ‘क्षेत्र’ ही कल्पना त्याच्या लेखनात नावानिशी आली.

तोवर सुई मुंबईत पोहोचली होती. ईस्ट इंडिया कंपनीने जहाजांच्या वेळेसाठी १८२६मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली आणि १८४१पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. गाउसने १८३२मध्ये क्षेत्राची तीव्रता लांबी, वस्तुमान आणि वेळ यांच्या एककांत मोजण्याची रीत दिल्यामुळे जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येऊ लागल्या होत्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेचे काम पाहत होते. आणि १८४०च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, प्राध्यापक ऑर्लेबारच्या हाताखाली एक मुलगा तिथे नोकरीला लागला. तो अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे पुण्यात गणित शिकवणारे, टिळकांचे गुरू केरूनाना. सुमारे दहा वर्षे त्यांनी तिथे काढली. ठरावीक वेळी यंत्रापाशी जायचे, टांगलेल्या चुंबकाचे स्थान मोजपट्टीवर वाचायचे, आकडा वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची, रात्रीसुद्धा: असे ते काम. मराठी शाळांसाठी पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने चुंबकीय क्षेत्र आधी डोळ्यांनी वाचले होते, हे मला फार मोलाचे वाटते.

याच वहीत २ सप्टेंबर १८५९च्या सकाळी एक अजब नोंद झाली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर झगझगीत स्फोट पाहिला होता. कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक बघता बघता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. त्या घटकाचे आजचे मूल्य तिथे ३८,००० नॅनोटेस्लांच्या आसपास आहे, त्यावरून धक्क्याचा अंदाज यावा. सुईला भरकटवणाऱ्यांच्या यादीत आता पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्यही आला.

त्यानंतरचा भरकटवणारा घरचाच निघाला. आगगाडी १८५३मध्ये मुंबईहून सुटली, १८५८मध्ये पुण्यात आली, आणि १८७८मध्ये दौंड–मनमाड मार्ग खुला झाल्यावर दौंड हे जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनांचा कुलाब्याला उपद्रव नव्हता. पण विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेवर चालणार होत्या आणि धारेचा काही भाग रुळांतून निसटून जमिनीतून परतणार होता. एक सोपे गणित करून पाहू. सरळ तारेतून १०० अँपिअर धारा वाहत असेल, तर १० मीटरवर तिचे क्षेत्र २,००० नॅनोटेस्ला भरते; म्हणजे १८५९च्या सौरवादळापेक्षा जास्त. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ट्रामशी भांडत बसण्याऐवजी यंत्रे अलिबागला हलवली. मात्र त्याआधी १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन दोन मालिकांचा सांधा जुळवला. या दोन वर्षांमुळेच १८४१पासूनची साखळी आजवर अखंड मानता येते. माझ्या मते मूस यांचे हे सर्वांत मोठे काम. ट्राम १९०७मध्ये धावली. अलिबागची इमारत बांधताना इथला काळा दगड वापरून चालणार नव्हते, कारण काश्त्रुला छळणारा दगड तोच! म्हणून समुद्रापलीकडून पोरबंदरचा दगड आणला गेला.

त्या नाकारलेल्या दगडाची पाळी नंतर आली. १९०६मध्ये फ्रान्समध्ये बर्नार ब्रुन याला आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित झालेला खडक सापडला. १९५६मध्ये लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या पाषाणाची मोजमापे प्रसिद्ध केली. १९५९मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइचसह त्यात भर घातली. आपल्या पायाखालच्या कित्येक थरांतले कण उलट दिशा दाखवत होते: ते निवले तेव्हा पृथ्वीचे ध्रुवच अदलाबदल झालेले होते. क्षेत्राच्या उताराच्या कोनावरून आणखी एक हिशेब निघाला. आज १८ ते १९ अंश उत्तर अक्षांशावर असलेली शिरूर–दौंडची जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास होती. म्हणजे तिने तेव्हापासून पाच हजार किलोमीटरांहून अधिक वाटचाल केली आहे. खंड सरकतात हे मानायला जग तेव्हा पुरते तयार नव्हते. इथल्या काळ्या पाषाणाने त्या वादात साक्ष दिली.

आता पुन्हा विजेच्या धारेकडे. दौंडला विजेच्या गाड्या उशिरा आल्या. मुंबईत १९२५पासून आणि पुण्यापर्यंत त्याच दशकाच्या शेवटी पंधराशे व्होल्टची एकदिश धारा होती. पुणे–दौंड मार्गावर मात्र अलीकडे थेट पंचवीस हजार व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आली. ती सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे संथ सुई तिच्यामागे धावू शकत नाही. भीमेच्या काठी उसाला पाणी देणाऱ्या मोटारींचेही तेच. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यांत बनणाऱ्या फ्रिजचे दार चिकटवून ठेवणारी पट्टीही चुंबकाचीच असते. ज्या बलाने ओर्स्टेड चकित झाला, ते आता इतके सर्वत्र आहे की त्याच्याकडे लक्ष जाते ते मोटारीचे वायंडिंग जळल्यावरच.

कुलाब्याच्या वह्या मात्र पुन्हा उघडल्या गेल्या. वीजवाहिन्या, रोहित्रे आणि उपग्रह यांना सौरवादळाचा धोका किती, हे ठरवण्यासाठी आजवर नोंदले गेलेले सर्वांत मोठे, म्हणजे १८५९चे, वादळ नेमके केवढे होते ते कळणे गरजेचे होते. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिच इथे १८५९मध्ये छायाचित्रांवर नोंदी होत होत्या. त्या दिवशी त्यांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या होत्या. मुंबई विषुववृत्ताला जवळ, इथला धक्का मोजपट्टीवर मावला, आणि तो डोळ्यांनी वाचून लिहिला गेला होता. २००३मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना यांच्यासह अन्य सहकाऱ्यांसोबत त्या वादळाचे मोजमाप नव्याने मांडले, ते या आकड्यांवरून.