द नॅचरल स्टेप

द नॅचरल स्टेप ही स्वीडनमध्ये १९८९ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. कंपन्या, नगरपालिका व इतर संस्थांना शाश्वततेकडे होणाऱ्या वाटचालीचे नियोजन करता यावे, यासाठी तिने विकसित केलेली कार्यचौकटही याच नावाने ओळखली जाते. शाश्वत समाजाच्या किमान अटी प्रथम निश्चित करायच्या आणि त्या अंतिम स्थितीपासून मागे येत आजची पावले ठरवायची, हे या चौकटीचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

इतिहास

संस्थेचे संस्थापक कार्ल-हेन्रिक रोबेर हे कर्करोगतज्ज्ञ होत. पर्यावरणविषयक चर्चा तपशिलांच्या वादात अडकते आणि ज्या मूलभूत बाबींवर शास्त्रज्ञांचे एकमत आहे त्या दुर्लक्षित राहतात, असे त्यांचे निरीक्षण होते. जिवंत पेशीच्या अस्तित्वाच्या अटी वादातीत असतात, तशाच अटी समाजासाठीही मांडता येतील, या विचारातून त्यांनी एक मसुदा तयार करून अनेक शास्त्रज्ञांकडे पाठवला. त्यांच्या सूचनांनुसार तो वारंवार सुधारण्यात आला. १९८९ मध्ये राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्या पाठिंब्याने त्यावर आधारित पुस्तिका व ध्वनिफीत स्वीडनमधील घरोघरी आणि शाळांमध्ये पाठवण्यात आली. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जॉन होल्मबर्ग यांच्या सहकार्याने या विचारांना तत्त्वांचे रूप मिळाले. रोबेर यांना २००० साली ब्लू प्लॅनेट पुरस्कार देण्यात आला.

चार अटी

शाश्वत समाजात पुढील गोष्टी सातत्याने वाढत जाता कामा नयेत:

१. भूगर्भातून काढलेल्या पदार्थांचे निसर्गातील प्रमाण; उदा. खनिज इंधनांतील कार्बन, पारा.
२. मानवनिर्मित पदार्थांचे निसर्गातील प्रमाण, उदा. डीडीटी, क्लोरोफ्लुरोकार्बन.
३. निसर्गाची भौतिक हानी, उदा. जंगलतोड, भूजलाचा अतिउपसा.
४. लोकांच्या मूलभूत गरजा भागवण्याच्या क्षमतेवर गदा आणणारी परिस्थिती, उदा. असुरक्षित कामाची ठिकाणे, अपुरे वेतन.

नियोजनाची पद्धत

चौकटीत जगाच्या स्थितीला नरसाळ्याची उपमा दिली जाते. साधनसंपत्ती घटत आणि मागणी वाढत असल्याने नरसाळ्याच्या भिंती जवळ येतात. कच्च्या मालाची महागाई, कडक कायदे किंवा ग्राहकांची नाराजी या रूपांत संस्था त्या भिंतींवर आदळते.

प्रत्यक्ष नियोजन ‘ए-बी-सी-डी’ या चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात संस्थेतील लोक चार अटी समजून घेऊन त्यांच्या मर्यादेत संस्थेचे भावी चित्र ठरवतात. दुसऱ्यात आजचे कामकाज त्या अटी कोठे मोडते, याची नोंद होते. तिसऱ्यात उपाय सुचवले जातात. या टप्प्यावर खर्चाच्या कारणाने कोणताही उपाय नाकारला जात नाही. चौथ्यात प्राधान्यक्रम लावताना तीन प्रश्न विचारले जातात: हे पाऊल योग्य दिशेने आहे का, पुढील पावलासाठी ते आधार ठरेल का, आणि पुढची वाटचाल चालू ठेवण्यापुरता परतावा त्यातून मिळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व शीतक वायूंच्या उदाहरणातून दिसते. ओझोन थराला घातक असलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला निरुपद्रवी असले तरी तीव्र हरितगृह वायू आहेत. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांच्यावरही मर्यादा आणली. केवळ समोरचा प्रश्न सोडवणाऱ्या उद्योगाला अशा वेळी दुसऱ्यांदा बदलाचा खर्च सोसावा लागतो.

वापर

स्वीडनमधील आयकिया ही या चौकटीचा अवलंब करणारी सुरुवातीची मोठी कंपनी होती. अमेरिकेतील गालिचा उत्पादक इंटरफेसचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये कंपनीची दिशा बदलली. रोबेर त्यांच्या सल्लागारांपैकी एक होते. पर्यावरणावरील दुष्परिणाम २०२० पर्यंत शून्यावर आणण्याचे ध्येय ठरवून कंपनीने वापरलेले गालिचे परत घेणे आणि पुनर्वापरित नायलॉन वापरणे सुरू केले. गालिचे न विकता भाडेपट्ट्याने देण्याची तिची योजना मात्र बाजारात फारशी चालली नाही.

कॅनडातील व्हिसलर या पर्यटननगरानेही आपली दीर्घकालीन योजना या तत्त्वांवर बेतली. घरांच्या वाढत्या किमतींमुळे पर्यटन व्यवसायातील कर्मचाऱ्यांना गावात राहणे परवडेनासे झाले होते. त्यामुळे जंगल व ऊर्जेबरोबर त्यांच्या निवासाचा प्रश्नही योजनेत आला.

ब्रिटनमध्ये २००० साली पीव्हीसी प्लॅस्टिकचे मूल्यमापन या चौकटीतून करण्यात आले. पीव्हीसीला थेट बाद न ठरवता त्यात उद्योगापुढे पाच आव्हाने मांडण्यात आली. कार्बन उत्सर्जन, पुनर्वापर, दीर्घकाळ टिकणारी विषारी सेंद्रिय संयुगे, मिसळली जाणारी रसायने आणि उद्योगातील जागरूकता यांच्याशी ती संबंधित होती.

मर्यादा व टीका

चार अटी दिशा सांगतात, परंतु किती उत्सर्जन किंवा किती उपसा चालेल याचे आकडे देत नाहीत. ते प्रत्येक संस्थेला इतर अभ्यासांतून घ्यावे लागतात. आयएसओ १४००१ प्रमाणे या चौकटीचे प्रमाणपत्र नसते, त्यामुळे तत्त्वे स्वीकारल्याची घोषणा आणि प्रत्यक्ष बदल यांतील अंतर बाहेरून तपासणे कठीण जाते. परताव्याच्या अटीमुळे आवश्यक पण खर्चिक बदल पुढे ढकलले जाण्याची शक्यताही असते. अंतिम अटींशी तडजोड न करता केवळ पावलांचा वेग परिस्थितीनुसार ठरवावा, अशी या बाबतीत चौकटीची भूमिका आहे.